बुडालं तर दार कुणाचं ठोठावायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी १९८९ ते २०१७ अशी अठ्ठावीस वर्षं विट्यात एका पतसंस्थेसाठी पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी ठेव, गोळा केली. सकाळी एसटी स्टँडपासून सुरुवात, मग भाजी मंडई, दुपारी यंत्रमागाचे कारखाने आणि दिवेलागणीला मेन रोडवरची दुकानं. चहाच्या गाड्यावर दहा रुपये, सलूनमध्ये वीस, किराणा दुकानात पन्नास-शंभर. पावती फाडायची, कार्बन सरळ करायचा, पैसे रेक्झिनच्या पिशवीत टाकायचे की पुढचं दुकान. नंतर हातात छोटं यंत्र आलं, त्यातून चिठ्ठी आपोआप निघायला लागली. पण चिठ्ठीकडं कुणी बघत नसे. मी सायकलवरून उतरताना दिसलो की गल्ल्याचं झाकण उघडायचं. एवढं आधी सांगितलं, कारण पुढचे प्रश्न कुणा अर्थतज्ज्ञाचे नाहीत. दुसऱ्याचे पैसे पिशवीत घालून गावभर हिंडलेल्या माणसाचे आहेत.

क्रिप्टोबद्दल, म्हणजे बिटकॉइनसारख्या संगणकावरच्या आभासी नाण्यांबद्दल, आपल्या अंकात मी चार-पाच वर्षं वाचतो आहे. भाव चढला की बातमी, पडला की बातमी. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला सुमारे ६९ हजार डॉलर, वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लाखाच्या वर. तासगावच्या बेदाण्याचा सौदाही एवढ्या उड्या मारत नाही. मला भावाचं कौतुक नाही. माझा प्रश्न दुसराच आहे, आणि तो पडला आमच्या दत्ताच्या सलूनमुळं.

दत्ता माझा जुना पिग्मीचा खातेदार. गेल्या श्रावणात दाढीला म्हणून गेलो, तर गिऱ्हाईक सोडून तो फोन घेऊन माझ्याजवळ आला. "अण्णा, तुमी बँकेतलं माणूस. जरा ह्ये बघा." मी चष्मा लावला. फोनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडा होता, ४,६२,०००. त्याचा थोरला पुण्यात एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याला टेलिग्रामवर कुणीतरी एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथं रोज सकाळी एक 'सर' आज कुठलं नाणं घ्यायचं ते सांगायचे. पोरानं आधी पाच हजार टाकले, तीन हजार नफा झाला आणि तो खात्यात परतही आला. मग बापाचे, बायकोचे, मित्राचे मिळून १ लाख ८० हजार गेले. पैसे पाठवायचे ते दरवेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर. त्या बदल्यात अ‍ॅपमध्ये यूएसडीटी नावाची, डॉलरला बांधलेली नाणी जमा झालेली दिसायची.

आता पैसे काढायचे म्हटलं तर निरोप आला होता: नफा २ लाख ८२ हजार, सरकारी नियमाप्रमाणं ३० टक्के कर, म्हणजे ८४ हजार ६०० रुपये आधी भरा, मग रक्कम मोकळी होईल. दत्ता हे ८४ हजार ६०० कुणाकडून उचलावेत ते विचारायला आला होता. पैसे गेले हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. ३० टक्क्यांचा आकडा खरा असल्यामुळं पोरगा फसला, हे मला नंतर कळलं. कर खराच आहे, पण तो आयकर खात्याला भरायचा असतो, टेलिग्रामवरच्या सरांना नाही. बनावट माल विकणारा त्यावर एखादं खरं लेबल चिकटवतो, त्यातला हा प्रकार.

मी त्याला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावायला लावला. मग पोलीस ठाण्यात गेलो. लिहून घेणारा मुलगा चांगला होता, घाई करत नव्हता. त्यानं अ‍ॅपचं नाव लिहिलं, ग्रुपचं नाव लिहिलं, यूपीआयचे नंबर लिहिले. मग पेन थांबवून विचारलं, "समोरच्या पार्टीचं नाव काय? पत्ता?" दत्तानं माझ्याकडं बघितलं, मी दत्ताकडं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता आणि इतका अवघडही.

हे वाचून क्रिप्टोची बाजू घेणारे म्हणतील की ही भामटेगिरी झाली, यात क्रिप्टोचा काय दोष? माझा पुतण्या हेच म्हणाला. तो इंजिनिअर आहे. "अण्णा, बनावट नोट सापडली म्हणून रुपया खोटा होतो का?" बरोबर आहे त्याचं. म्हणून म्हटलं, खरं काय ते तरी समजून घेऊ. दिवाळीत तो घरी आला तेव्हा फराळाच्या ताटांवरून चार दिवस आमची शिकवणी चालली.

त्यानं बिटकॉइनचा मूळ कागद छापून आणला होता. ३१ ऑक्टोबर २००८ चा, अवघ्या नऊ पानांचा, सातोशी नाकामोतो या नावाचा. हा माणूस कोण, एक की चार जण, आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या हिशेबवहीचं पहिलं पान, तयार झाला, आणि संपादक महाराज, आपल्याला ऐकून बरं वाटेल, त्या पहिल्या ब्लॉकात त्या दिवशीच्या लंडनच्या 'द टाइम्स'चा मथळा कोरून ठेवलाय: बँकांना दुसऱ्यांदा वाचवायची वेळ अर्थमंत्र्यांवर आल्याचा. म्हणजे ज्या पैशाला बँक नको, सरकार नको, त्यालाही आपला जन्मदिवस शाबीत करायला वर्तमानपत्रच लागलं.

ब्लॉकचेन, म्हणजे अशा ब्लॉकांची साखळी, मला समजली ती रोजकीर्दीमुळं. आमच्या पतसंस्थेत रोजकीर्दीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागील पानावरून पुढे आणलेली रक्कम असायची. चाळिसाव्या पानावर कुणी खाडाखोड केली तर एकेचाळीसपासून पुढच्या सगळ्या बेरजा चुकतात, आणि ऑडिटर तिथंच बोट ठेवतो. बिटकॉइनचं तसंच आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये मागच्या ब्लॉकचा ठसा असतो. फरक असा की ही कीर्द एका कपाटात नाही, जगभर हजारो संगणकांवर तिच्या जशाच्या तशा प्रती आहेत. अंदाजे दर दहा मिनिटांनी नवं पान लागतं. ते पान कोण लिहिणार यासाठी संगणकांची शर्यत चालते. एक आकडा नुसता अंदाजानं शोधायचा. ज्याला आधी सापडेल तो पान लिहितो आणि त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. सुरुवातीला ५० मिळायची, साधारण चार वर्षांनी निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आलीत. एकूण निघणार २ कोटी १० लाख, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त निघूनही झाली.

खरं सांगतो, हे ऐकून मी थक्क झालो. आमच्या संस्थेत अशी कीर्द असती तर जे झालं ते झालं नसतं. ते काय झालं, त्यावर येतोच.

पण त्या नऊ पानांतलं पहिलंच म्हणणं माझ्या घशात अडकलं. पुतण्यानं ते मराठीत सांगितलं: मध्ये कुठल्याही वित्तसंस्थेला न घेता एका माणसाकडून दुसऱ्याकडं थेट पैसे जावेत. मधल्यावर विश्वास ठेवायची गरजच नको. म्हणजे संपादक महाराज, ही सगळी खटपट चाललीय ती मला काढून टाकायला. तो मधला माणूस म्हणजे मीच की.

बरं, काढा. माझी तक्रार नाही. पण मग मी पुतण्याला विचारलं, "तू तुझं बिटकॉइन कुठं ठेवलंयस?" त्यानं एका एक्स्चेंजचं, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीचं, नाव घेतलं. म्हटलं, "म्हणजे तुझ्याकडं नाही?" म्हणाला, "अ‍ॅपमध्ये दिसतं की." दत्तालाही दिसतच होतं. नाणी हलवायची गुप्त किल्ली कुणाकडं, तर एक्स्चेंजकडं. मग मधला माणूस गेला कुठं? सायकलवरचा गेला आणि काचेमागचा आला. फरक इतकाच की सायकलवाल्याचं घर माहीत होतं.

आणि हे काचेमागचे काय दर्जाचे? नोव्हेंबर २०२२ मध्ये बहामासमधलं एफटीएक्स नावाचं एक्स्चेंज बसलं. लोकांनी विश्वासानं ठेवलेला पैसा परस्पर दुसरीकडं वापरला होता. मार्च २०२४ मध्ये त्याच्या संस्थापकाला २५ वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०२४ मध्ये आपल्याच देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास क्रिप्टो चोरीला गेलं. आणि पुण्याचं गेनबिटकॉइन प्रकरण आपल्या वाचकांना आठवत असेल, महिन्याला दहा टक्के, अठरा महिने. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला धरलं. पण तपासात मदतीला घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच पुढे २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप असा की आरोपींचं क्रिप्टो त्यांनी परस्पर वळवलं. चोर पकडायला कुलूपवाला बोलवावा आणि त्यानंच किल्लीचा छाप घ्यावा. यातल्या एकाही ठिकाणी कीर्दीत खाडाखोड झालेली नाही, हे ध्यानात घ्या. कीर्द शाबूत आहे. गडबड केली ती माणसांनी, आणि माणूस तर काढून टाकायचा होता.

आता माझं. लोकांना दोष देताना स्वतःचं झाकून ठेवणं मला जमणार नाही. ज्या पतसंस्थेसाठी मी पिग्मी गोळा केली ती २०१७ मध्ये बुडाली. कर्जं संचालकांच्या पाहुण्या-पैंना गेलेली, तारण कागदावर. प्रशासक आला, शटर खाली आलं. लोक संस्थेच्या दारात दोन दिवस उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. चहावाला, भाजीवाल्या मावशी, कारखान्यातले कामगार. कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक मावशी पायरीवर नुसती बसून राहिली, पिशवीतली पासबुकं मांडीवर घेऊन. ज्यांचे पाच हजारांच्या आत होते अशा अकरा जणांचे मी घरातून भागवले. बाकीच्यांना चार वर्षांनी निम्मे मिळाले, काहींना अजून नाहीत. बँकेतल्या ठेवीला विमा असतो (तेव्हा एक लाखापर्यंत, २०२० पासून पाच लाखांपर्यंत), पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, हे मला स्वतःला तेव्हा नीट कळलं. अठ्ठावीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा मधला माणूस प्रामाणिक असतो असं माझं म्हणणं नाही. मी एवढंच म्हणतो की त्याला दार असतं. सहायक निबंधकांचं कार्यालय होतं, सहकार कायदा होता, ठेवीदारांसाठीचा १९९९ चा एमपीआयडी कायदा होता, आणि काहीच नाही तर माझी पायरी होती. दत्ताच्या पोराला कुठली पायरी?

दसऱ्याला पालखी शर्यतीसाठी आमचे गलाईवाले गावी येतात. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलीत, कोईमतूरपासून पार नेपाळपर्यंत. जुना दागिना हातात घेऊन त्याचा टंच, म्हणजे शुद्धता, किती हे सांगण्यात त्यांची हयात गेलेली. यंदा पारावर बसून मी त्यातल्या एका म्हाताऱ्याला बिटकॉइनबद्दल जेवढं कळलं होतं तेवढं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते सगळं खरं. पण कशावर घासायचं?" त्याच्या बोटांना अजून आम्लाचे पिवळट डाग आहेत. सोनं दगडावर घासलं की रेघ उठते आणि रेघ खोटं बोलत नाही. मी म्हटलं, इथं गणितावर घासतात. तो म्हणाला, "गणित खरं असंल. मोल कोण ठरवतंय?"

हाच मुद्दा रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मांडला होता, की यामागं मोल असलेली वस्तूच नाही, ट्यूलिपचं फूलसुद्धा नाही. आमचा गलाईवाला आणि गव्हर्नर एका मताचे निघाले याची मला गंमत वाटली. पण पारावर म्हाताऱ्याचा नातू होता, तो गप्प बसला नाही. म्हणाला, "आज्या, सोनं तरी खातोय का आपण? मोल लोकांनीच दिलंय की." आणि मग माझ्याकडं वळून, "अण्णा, नोटेवर गव्हर्नरची सही होती ना? आठ नोव्हेंबरला चार तासांत काय झालं तिचं?"

ह्याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता नोटबंदी जाहीर झाली तेव्हा माझ्या पिशवीत त्या दिवशीची पिग्मी होती, त्यात पाचशेच्या सत्तावीस नोटा. मी त्या जेवणाच्या ताटाशेजारी मांडून बसलो होतो. १४ नोव्हेंबरपासून तर जिल्हा बँकांनाही जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि पतसंस्थांची चहूबाजूंनी कोंडी झाली. आमची संस्था आतून पोखरलेली होतीच, त्या हिवाळ्यात तिचा कणा मोडला. तेव्हा सरकारी शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं त्या पोराला सांगायला माझी जीभ रेटली नाही. पण पाचशेची नवी नोट काढून मी त्याला मागची बाजू दाखवली. तिथं बाकीच्या भाषांच्या ओळीत मराठीत 'पाचशे रुपये' लिहिलेलं आहे. पुढच्या बाजूला अदा करण्याचं वचन आहे आणि सही आहे. सही करणारा मुंबईत फोर्टात बसतो. जुन्या नोटा रांगेत उभं राहून, शिव्या घालत का होईना, बँकेत बदलून मिळाल्या. सातोशी कुठं बसतो?

नातू म्हणाला, तो कुठंच बसत नाही, म्हणून तर त्याला कुणी दाबू शकत नाही. हेही मला चूक वाटलं नाही. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दुसरा प्रश्न वारसाचा, आणि यावर कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. पिग्मीचं खातं उघडताना मी सगळ्यात आधी विचारायचो, वारस कोण लावायचा? लोक चिडायचे, अशुभ बोलतो म्हणायचे. पण माणूस गेल्यावर त्या एका ओळीनं घरं सावरलेली मी बघितलीत. एका मावशीनं अंगठा देऊन सुनेचं नाव लावलं होतं, मुलाचं नाही, आणि तिचं ते बरोबर निघालं. आता एक्स्चेंजवर भरवसा नसेल तर किल्ली स्वतःकडं ठेवा म्हणतात. किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. ते कागदावर लिहून ठेवले तर चोराचे, नाही लिहिले तर माणसाबरोबर सरणावर. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची सुमारे ८ हजार बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो कोर्टात गेला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं नाही म्हटलं. आमच्याकडं गाडग्यात पुरलेलं धन निदान नांगराला लागायचं. हे शब्द कुणाच्या नांगराला लागणार? विट्यातली सून सासऱ्याच्या नावावरचं बिटकॉइन मिळवायला वारस दाखला घेऊन कुठल्या टेबलावर जाईल?

सरकारचं धोरण मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सावध केलं. ६ एप्रिल २०१८ ला बँकांना सांगितलं की यांच्याशी व्यवहार ठेवू नका. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, कारण तुमच्या अखत्यारीतल्या बँकांचं यामुळं काय नुकसान झालं ते तुम्ही दाखवलं नाही. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात विधेयक येणार म्हणून यादीत लागलं, मांडलंच गेलं नाही. आणि १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर, १ जुलैपासून ठरावीक मर्यादेपुढे विक्रीवर एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर. लॉटरीच्या बक्षिसालाही हाच ३० टक्क्यांचा दर. शिवाय एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, पोरानं एकात ४० हजार कमावले आणि दुसऱ्यात ६० हजार घालवले. घरी २० हजारांचा खड्डा, आणि सरकारला ४० हजारांवर १२ हजार कर, वर उपकराचे ४८० रुपये. आमचा किराणावाला हे ऐकून म्हणाला, "मग तराजूचं एकच पारडं मोजत्यात की!" मार्च २०२३ मध्ये या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालीही आणलं, ते चांगलं झालं. पण त्यानं सरकारला कळतं पैसा कुणाचा आहे. खातेदाराला त्यातून काय? कर घेतला म्हणजे धंदा कायदेशीर मानला का? मानला असेल तर ग्राहकाची दाद कुठल्या कायद्यात? एमपीआयडी कायद्यात क्रिप्टोचं एक्स्चेंज बसतं का? आपल्याकडं कायद्याचं लिहिणारे वकील मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कुणीतरी हे साध्या मराठीत सांगावं.

भविष्याबद्दलही विचारायचं आहे, पण तिथं मी जास्त रेंगाळत नाही. शेवटचं बिटकॉइन साधारण २१४० च्या सुमाराला निघेल म्हणतात. मी नसेन, आपणही नसाल. पण नवी नाणी मिळायची थांबली की पान लिहिणाऱ्याला नुसत्या व्यवहारशुल्कावर परवडेल का? विजेचं बिल कोण भरणार? हा प्रश्न आमच्या यंत्रमागवाल्यांना लगेच कळतो. युनिटचा दर चढला की माग बंद ठेवायचा का चालवायचा, याचा हिशेब ते रोज करतात. आकड्यांच्या अंदाजासाठी एवढी वीज जाळतात हे ऐकून एक जण म्हणाला, "निदान आमच्याकडं शेवटी कापड तरी निघतं." इथेरियम नावाच्या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टोवाल्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ती शर्यतच बंद करून पद्धत बदलली आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटवला. मग बिटकॉइनवाल्यांना काय अडचण आहे?

रोजच्या व्यवहाराचं म्हणाल तर चहाच्या गाड्यावर क्रिप्टो येईल असं मला वाटत नाही. बिटकॉइनची कीर्द सेकंदाला सातेक व्यवहार लिहिते. आपल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच महिन्यात १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एल साल्वादोर या देशानं ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि २०२५ च्या सुरुवातीला, नाणेनिधीचं कर्ज हवं म्हणून, ते घ्यायची सक्ती काढून टाकली. सरकारनं सांगूनही जे जमलं नाही ते आमच्या मंडईत आपोआप जमेल कसं? तिकडं अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून बिटकॉइनचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकले जाणारे फंड, निघालेत, म्हणजे बँकेला टाळायला निघालेली वस्तू आता शेअर दलालाकडून घ्यायची. मधला माणूस तिसऱ्यांदा आत आला.

रिझर्व्ह बँकेनं स्वतःचा डिजिटल रुपया काढला, लोकांसाठी त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ पासून चालू आहे. यूपीआयनं बँकेतल्या खात्यातला पैसा हलतो, आणि हा डिजिटल रुपया म्हणजे नोटेसारखं थेट रिझर्व्ह बँकेचंच देणं, इतपत मला कळलं. पण नोट कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली याची नोंद कुठं होत नाही. भाजीवाल्या मावशी नवऱ्याला न सांगता माझ्याकडं वीस रुपये द्यायच्या, आणि पासबुकं माझ्याच पिशवीत ठेवायच्या. डिजिटल रुपयात त्यांना तेवढा आडोसा राहील का? हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि तो विचारताना कुणी दिसत नाही.

दत्ताचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. ज्या खात्यांवर पैसे गेले त्यातलं एक गोठवलं गेलं, त्यात त्याचे ११ हजार सापडले. ते मिळायला कोर्टाचा हुकूम लागतो, त्याची तारीख लागलीय. पोरगा दिवाळीला गावी आला नाही. दत्तानं त्याला काही बोलू नये म्हणून मी समजावलं. पोरगं हावरट नाही, त्याला फक्त बापाचं सलून वातानुकूलित करायचं होतं.

पत्र फार लांबलं, कात्री लावायला माझी हरकत नाही, पण वारसाचा आणि मंडईतल्या मावशींचा प्रश्न कृपया कापू नका. उत्तर कुणीही द्यावं, एक्स्चेंजवाल्यांनी, वकिलांनी, रिझर्व्ह बँकेतून निवृत्त झालेल्या कुणी. फक्त खाली आपलं नाव-गाव लिहावं. माझा पूर्ण पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर जोडला आहे. तो छापायची गरज नाही. विट्यात एसटी स्टँडवर उतरून पिग्मीवाल्या अण्णांचं घर विचारलं तर कुणीही दाखवतं. २०१७ मध्येही दाखवत होते.

आपला नम्र,
दि. शं. माळी
विटा, जि. सांगली